टाचेसाठी जपान?

मे-जून आला की आमच्या ओजिमात आई-बाबांची ये-जा सुरू होते. ओजिमा म्हणजे तोक्योच्या पूर्वेचा, कोतो वॉर्डातला भाग. इथल्या यूआर या निमसरकारी संस्थेच्या इमारतींत घर घेताना जामीनदार लागत नाही, मालकाला नजराणाही द्यावा लागत नाही, म्हणून आयटीतली बरीच भारतीय मंडळी इथे स्थिरावली. इथे आलेल्या आई-बाबांना पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त काय जाणवतं? चालणं! पुण्यात रिक्षा दाराशी येते. इथे घर ते स्टेशन चाला, जिने उतरा, गाडी बदला, पुन्हा जिने चढा. चार दिवसांत कुणाची तरी टाच बोलायला लागते. मग हमखास प्रश्न येतो, "जपानमध्ये म्हणे ऑपरेशन न करता इंजेक्शनने टाच पुन्हा नवी करतात?" आता तर हा प्रश्न थेट भारतातूनही येतो, "आईला टाचेसाठी तिकडे घेऊन येऊ का?"

माझं उत्तर आहे, नको. जपानी वैद्यक कमी दर्जाचं आहे म्हणून नव्हे. या उपचारांबद्दल जपानची स्वतःचीच व्यवस्था काय सांगते, ते नीट वाचलं तर उत्तर तेच निघतं.

आधी दुखणं समजून घेऊ. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा रुतल्यासारखं होतं, दहा-वीस पावलांनी थोडं मोकळं वाटतं आणि संध्याकाळी पुन्हा ठणका लागतो. हा बहुतेक वेळा तळपायाच्या पट्ट्याचा त्रास असतो. टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत एक जाड पट्टा ताणलेला असतो, तो पायाची कमान धरून ठेवतो. डॉक्टर त्याला प्लांटर फॅसायटिस म्हणतात. आपल्याकडे 'टाचेचं हाड वाढलंय' असं म्हणायची पद्धत आहे, पण एक्स-रेत तसं हाड दिसूनही अजिबात न दुखणारी माणसं पुष्कळ असतात. २००३ साली अमेरिकेत अशा ५० रुग्णांच्या पट्ट्याचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा सूज जवळजवळ सापडलीच नाही. सापडली ती झीज. आम्हा इंजिनियर लोकांच्या भाषेत सांगायचं तर हे 'फटीग' आहे. एकदाच मोठा भार पडून काही तुटलेलं नाही, लहान भार हजारो वेळा पडून धागे उसवले आहेत.

झीज आहे म्हटल्यावर 'मग ती भरून काढा' हा विचार ओघानेच येतो. जपानीत याला साइसेइ इर्यो म्हणतात, म्हणजे पुनरुज्जीवनाचं वैद्यक. त्यात टाचेसाठी मुख्य प्रकार पीआरपी. डेंग्यूमुळे प्लेटलेट हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोचला आहेच. तुमचंच थोडं रक्त काढायचं, यंत्रात गरगर फिरवून प्लेटलेटचा दाट भाग वेगळा करायचा आणि दुखऱ्या जागी टोचायचा. प्लेटलेटमधून जखम भरायला मदत करणारी द्रव्यं सुटतात, ही त्यामागची कल्पना. दुसरा प्रकार म्हणजे पोटाच्या चरबीतून मूळ पेशी काढून, प्रयोगशाळेत वाढवून, सलाइनसारख्या शिरेतून देणं. यांच्या जोडीला शॉकवेव्ह येते. त्यात बाहेरून यंत्राने टाचेवर दाबाच्या लहरी सोडतात. सुई नाही, चिरा नाही.

आता गंमत बघा. जपानचा सरकारी आरोग्य विमा यातल्या कशाचे पैसे देतो? शॉकवेव्हचे. २०१२ पासून तळपायाच्या हट्टी दुखण्यासाठी शॉकवेव्ह विम्यात आहे. दर ५,००० गुण, म्हणजे ५०,००० येन. नोकरदार माणूस त्यातले ३० टक्के भरतो, म्हणजे १५,००० येन. पण अट अशी की त्याआधी सहा महिने साधे उपचार करून गुण आलेला नसला पाहिजे. टाचेच्या पीआरपीला मात्र विमा नाही. ती 'जियू शिन्र्यो', म्हणजे क्लिनिक लावेल तो दर आणि सगळा खर्च तुमचा. सरकारचं पीआरपीशी वाकडं आहे असंही नाही. बऱ्या न होणाऱ्या त्वचेच्या जखमांसाठी पीआरपी २०२० मध्ये विम्यात घेतली. पुरावा पुरेसा वाटला तिथे पैसे दिले, टाचेसाठी अजून दिलेले नाहीत. जाहिरातीपेक्षा ही यादी मला जास्त बोलकी वाटते.

"पण क्लिनिकच्या वेबसाइटवर आरोग्य मंत्रालयाचा नंबर आहे की!" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की त्यावर स्वतंत्र परिच्छेद हवा. २०१४ च्या नोव्हेंबरपासून जपानमध्ये पुनरुज्जीवन वैद्यकाच्या सुरक्षिततेचा कायदा लागू आहे. त्यात धोक्यानुसार तीन वर्ग आहेत. स्वतःच्याच मूळ पेशी वाढवून देणं साधारण दुसऱ्या वर्गात येतं. पीआरपी सांध्यात दिली तर दुसऱ्या आणि टाचेसारख्या मऊ भागात दिली तर तिसऱ्या वर्गात. या दोन वर्गांत क्लिनिकने उपचाराची योजना लिहायची, मान्यताप्राप्त समितीकडून तपासून घ्यायची आणि मंत्रालयाकडे दाखल करायची. मग नंबर मिळतो. हा नंबर म्हणजे योजना दाखल झाल्याची पोच. उपचाराने गुण येतो असं सरकारने तपासून दिलेलं प्रमाणपत्र नव्हे. आपल्याकडे दुकानात 'शॉप अॅक्ट'चा परवाना फ्रेम करून लावतात, म्हणून काही तिथला माल चांगला ठरत नाही. तसंच हे.

आणि हा फरक फक्त पैशांपुरता नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये तोक्योतल्या एका खासगी क्लिनिकमध्ये पन्नाशीतली एक परदेशी बाई जुनाट दुखण्यावर स्वतःच्या चरबीतल्या मूळ पेशींचं सलाइन घेत असताना अत्यवस्थ झाली आणि दगावली. मंत्रालयाने तो उपचार तातडीने थांबवण्याचा आदेश काढला. आजार जिवावरचा नव्हता, दुखणं होतं. परदेशातून आलेली, पन्नाशीची, जुन्या दुखण्याने कंटाळलेली बाई... हे वर्णन आपल्या किती आया-मावश्यांना लागू पडतं, याचा विचार करा. भारतात तर आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी रक्ताच्या काही आजारांसारखे ठरलेले वापर सोडून मूळ पेशी फक्त संशोधन-चाचणीतच द्याव्यात असं स्पष्ट म्हटलंय. दुखण्यासाठी मूळ पेशींचं सलाइन, मग ते मुंबईत असो की तोक्योत, घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पीआरपीची गोष्ट वेगळी आहे, तिला त्याच पंक्तीत बसवणं अन्यायाचं होईल. नेदरलँड्समध्ये ११५ रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये छापून आलेल्या चाचणीत, वर्षभरानंतर पीआरपी घेतलेल्यांची टाच स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलेल्यांपेक्षा कमी दुखत होती. मात्र इथे तुलना स्टिरॉइडशी आहे, आणि स्टिरॉइडचा आराम थोडेच दिवस टिकतो हे माहीतच आहे. टाचेच्या मागच्या जाड कंडरेवर ब्रिटनमध्ये २४० रुग्णांची चाचणी झाली, घोट्याच्या झिजेवर नेदरलँड्समध्ये १०० रुग्णांची. दोन्ही २०२१ मध्ये प्रसिद्ध झाल्या. तिथे तुलना खोट्या इंजेक्शनशी होती, आणि सहा महिन्यांनी फरक दिसला नाही. दुखणी वेगळी, जागा वेगळी, हे मान्य. तरी टाचेबाबत 'फायदा होऊ शकतो' यापलीकडे मी जाणार नाही. सगळं करून थकलेल्या माणसाने, आपल्या गावच्या हाडांच्या डॉक्टरशी बोलून, खर्च परवडत असेल तर पीआरपी घेतली, तर मी त्याला वेड्यात काढणार नाही. मात्र तेवढ्यासाठी जपानचं विमानाचं तिकीट काढायची गरज नाही. पीआरपी आणि शॉकवेव्ह दोन्ही मुंबई-पुण्यात मिळतात.

इथल्या हिशेबानेही ते जमत नाही. भेटीच्या व्हिसावर आई-बाबा जास्तीत जास्त ९० दिवस राहू शकतात. त्या व्हिसावर सरकारी विमा मिळत नाही. आणि शॉकवेव्हच्या आधीचे साधे उपचारच सहा महिन्यांचे!

मग ते सहा महिने करायचं काय? सकाळी पाय जमिनीला टेकवण्याआधी पाऊल दुसऱ्या गुडघ्यावर घ्या, हाताने बोटं मागे ओढून दहा सेकंद धरा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. दुसरा व्यायाम डेन्मार्कच्या चाचणीतला. पायरीच्या कडेवर उभं राहायचं, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, टाच सावकाश वर, क्षणभर थांबून सावकाश खाली. आधाराला कठडा धरा. बारा-बाराचे तीन फेरे, एक दिवसाआड, आणि जमेल तसं पाठीवर पिशवीत पुस्तकं घालून वजन वाढवायचं. ४८ रुग्णांच्या त्या चाचणीत तीन महिन्यांनी हे करणारे नुसत्या ताणाचा व्यायाम करणाऱ्यांपेक्षा पुढे होते. वर्षाअखेर दोन्ही गट सारखेच झाले. म्हणजे हा व्यायाम बरं होण्याची वाट थोडी आखूड करतो. शिवाय घरात शहाबादी फरशीवर किंवा टाइल्सवर अनवाणी उभं राहून पोळ्या लाटणं बंद. घरातली मऊ चप्पल वेगळी ठेवा, त्यात कसला विटाळ नाही.

मात्र मधुमेहाने पाय बधिर असेल, टाच लाल होऊन सुजली असेल, रात्री झोपेतून उठवण्याइतकं दुखत असेल किंवा ताप असेल, तर आधी डॉक्टर, व्यायाम नंतर.

अडचण एकच आहे. टॉवेल आणि पायरी यांची जाहिरात कोणी करत नाही, कारण त्यात कोणाला कमिशन नाही. लांबून मुलगा पैसे पाठवतो, त्यातून इंजेक्शन घेतलं की काहीतरी केल्यासारखं वाटतं. आईला रोज फोनवर 'आज टाचेचा व्यायाम झाला का?' असं विचारणं त्यापेक्षा किती तरी कंटाळवाणं. पण बहुतेकांची टाच वर्षभरात अशाच कंटाळवाण्या गोष्टींनी बरी होते. आई-बाबांना जपान दाखवायला जरूर आणा. येण्याआधी तीन महिने तो टॉवेल सुरू करायला सांगा, म्हणजे इथले जिने सोपे जातील.