गाळात गाडलेले विष वर येतेच

सांडपाणी नदीत सोडायचे, काही वर्षांनी पाणी नितळ दिसू लागले की प्रदूषण संपले म्हणायचे, ही सरकारी रीत झाली आहे. आम्ही म्हणतो, ते संपलेले नाही, तळाला जाऊन बसले आहे.

शिसे, कॅडमियम, पारा हे धातू कुजत नाहीत. ते गाळाला चिकटतात. तळाशी प्राणवायू नसतो, तेथे गंधकाशी संयोग होऊन ते बांधले जातात. पण ठाणे खाडीसारख्या ठिकाणी याच गाळात बिळे करणारे समुद्री कृमी राहतात. श्वासासाठी ते वरचे पाणी बिळात ओढतात. प्राणवायू आत शिरला की गंधकाचे बंधन सुटते आणि कॅडमियम, जस्त मोकळे होऊन पाण्यात येऊ शकतात. उलट बिळाच्या भिंतीवर साचलेला लोहाचा गंज काही धातू धरूनही ठेवतो. म्हणजे तळातले विष निजलेले नाही. कृमीला मासा खातो, माशाला माणूस. जपानच्या मिनामाता येथे 1956 साली उघडकीस आलेला पाऱ्याचा आजार मासे खाणाऱ्या कोळी कुटुंबांच्याच वाट्याला आला होता.

यवतमाळला समुद्र नाही, मग आपल्याला काय, असे कोणी म्हणेल. वणीच्या कोळसा खाणींच्या परिसरातून निर्गुडा आणि वर्धा वाहतात. वर्धेचे पाणी प्राणहितेतून गोदावरीला आणि पुढे समुद्राला मिळते. गोड्या पाण्याच्या गाळातही तांबडे बारीक कृमी असतात. ते डोके खाली खुपसून गाळ खातात आणि विष्ठा वर टाकतात. खालचे वर येते ते असे. नदीवर पोट असलेले भोई-ढीवर, काठावरचे भूमिहीन यांना बाटलीबंद पाणी परवडत नाही.

1974 च्या जल कायद्याचे कलम 24 नदीत विषारी पदार्थ सोडण्यास मनाई करते. सुभाषकुमार खटल्यात 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणमुक्त पाणी हा कलम 21 खालील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. मग तपासणी फक्त बाटलीतल्या पाण्याचीच का? 2017 पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत तलावांचा गाळ शेतात जात आहे. खाणपट्ट्यातला गाळ तपासल्याशिवाय शेतात पडता कामा नये.

आमची मागणी साधी आहे. वणी पट्ट्यातल्या नद्यांचा गाळ आणि मासे दरवर्षी तपासा, अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लावा, आणि खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून वसूल करा. ग्रामसभांनी तसे ठराव आजच घ्यावेत. ज्या हक्कासाठी 1927 साली बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्या हक्कात पाणी निर्विष असणेही आलेच.