ढिगाऱ्याची बाग कोणाची?

गोव्यातील आणि कोकणातील पुष्कळ घरांतून शेणाने सारवलेली जमीन गेली, तेव्हा तिच्या जागी शहाबादी फरशी आली. न्हाणीघर असो, मागील दाराची पडवी असो की देवळाचे आवार असो, ही निळसर करडी, पायाला गार लागणारी फरशी आपल्या इतक्या अंगवळणी पडली आहे, की तिच्या नावातच तिच्या गावाचे नाव आहे याचे भान आपणांस राहिलेले नाही. शहाबाद हे कलबुर्गी जिल्ह्यातील गाव. दत्तभक्त गाणगापूरला जातात, भीमा-अमरजेच्या संगमावर स्नान करतात, भस्माच्या डोंगरावरचे चिमूटभर भस्म पुडीत बांधून घेतात आणि परत फिरतात. त्याच लोहमार्गाने कलबुर्गी ओलांडून ते थोडे पुढे गेले, तर आपल्या घरातील फरशीची दुसरी बाजू त्यांना दिसेल.

ही दुसरी बाजू म्हणजे ढिगारे. या भागातील चुनखडक थरांवर थर रचल्यासारखा आहे. वरची माती दूर सारावयाची, एकेक थर उचलावयाचा, चौकोनी साधेल तेवढी लादी घ्यावयाची आणि फुटलेले तुकडे, छाटलेल्या कडा व वरची माती बाजूला टाकावयाची, ही तिथली रीत. अशा कित्येक वर्षांच्या कामातून खाणींच्या काठाने कपच्यांच्या टेकड्या उभ्या राहिल्या आणि सोडून दिलेल्या खड्ड्यांत पावसाचे पाणी साचले. वाडी, सेडम आणि मळखेड येथील सिमेंटचे कारखाने याच चुनखडकावर उभे आहेत. मळखेड म्हणजे राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट. ज्या भूमीने एका साम्राज्याची राजधानी पाहिली, तिच्या आसपास आज नजरेत भरतात त्या चिमण्या आणि खाणी. असे ढिगारे सपाट करून, त्यांवर झाडे लावून ते सार्वजनिक उद्याने म्हणून लोकांना खुले करावेत, हा विचार जगात आता नवा राहिलेला नाही. कलबुर्गीसारख्या जिल्ह्यात तो रुजावयाचा असेल, तर तो कोणत्या अटींवर, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नावर बोलण्याचा अधिकार गोमंतकाला अनुभवाने मिळाला आहे. डिचोली, सत्तरी, सांगे या भागांत ढिगाऱ्यांवरची माती पावसाळ्यात शेतात आणि ओहोळांत कशी उतरते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनी २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्या. २०२२ पासून लिलाव होऊन त्यांतील काही पुन्हा सुरू झाल्या. मधल्या काळात एक गोष्ट घडली. काल टाकाऊ म्हणून फेकलेल्या मातीतील कमी प्रतीच्या खनिजालाही गिऱ्हाईक मिळू लागले. ढिगारा विकला जाण्याची आशा असेल, तोवर त्यावर मनापासून झाड कोण लावील? साखळीच्या संपलेल्या खाणीवर वृक्षराजी वाढली, बांबू आला, फुलपाखरांसाठी बाग झाली आणि खाणीच्या पाण्यात मासे सोडले गेले. हे उदाहरण चांगले आहे आणि त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु अनेक ढिगाऱ्यांवर हिरवे दिसते ते केवळ ऑस्ट्रेलियन बाभळीचे असते. तिच्या खाली गवतदेखील धड वाढत नाही. दुरून दिसणारी हिरवाई म्हणजे रान नव्हे, मग उद्यान तर नव्हेच नव्हे.

जेथे हे काम यशस्वी झाले, तेथे ते सावकाश झाले. केनियात मोंबासाजवळ बांबुरी येथे सिमेंटसाठी चुनखडक काढून झाल्यावर नुसता उघडा कातळ उरला होता. रेने हॅलर यांनी १९७१ पासून त्यावर झाडे लावण्यास प्रारंभ केला. बहुतेक जातींनी माना टाकल्या. आपल्या किनाऱ्यावर सर्वत्र दिसणारे सुरूचे झाड मात्र तगले. त्याच्या सुया खाली पडत, पण कुजत नसत. तेव्हा पावसाळ्यात आपल्या अंगणात वेटोळे करून पडतो, त्या पैसा किड्याच्या जातीचे किडे तेथे सोडण्यात आले आणि त्यांनी त्या सुयांची माती केली. माती आली, मग इतर झाडे आली, पाखरे आली, आणि शेवटी माणसांसाठी वाटा झाल्या. आज ते स्थळ हॅलर पार्क या नावाने प्रसिद्ध आहे. गुरुग्राममधील जुन्या दगडखाणींच्या जमिनीवर २०१० पासून नागरिकांनी आणि नगरपालिकेने अरवलीची मूळची झाडे लावून उद्यान उभे केले. पुढे त्यातून रस्ता नेण्याचा विचार निघाला, तेव्हा ज्यांनी झाडे लावली होती तेच लोक विरोधाला उभे राहिले. या दोन उदाहरणांचा बोध एकच आहे. बाग ही या कामाची शेवटची पायरी होय, पहिली नव्हे. आणि जी बाग लोकांची नसते, तिला राखणारेही कोणी नसते.

शहाबादच्या परिसरात पहिली पायरी कोणती, हे तिथला निसर्गच सांगतो. आपल्याकडे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, कलबुर्गीत त्याच्या पावपटीच्या जवळपास. तेथे हिरवळीचे गालिचे आणि कारंजी मांडणे म्हणजे गावाचे पाणी पाहुण्यांसाठी उडविणे होय. आधी निसटते उतार आखडून पायऱ्यापायऱ्यांचे करावेत आणि खोल खड्ड्यांना कठडे घालावेत. लेकरू आणि गुरू पाण्यात पडण्याचे भय तेथे प्रथम संपले पाहिजे. कठड्यासाठी दगड बाहेरून आणावयास नको. चुन्याशिवाय लादीवर लादी रचून भिंत उभारण्याची कला तिथल्या कारागिराच्या हातात आहे. नंतर कडुनिंब, सीताफळ, आपटा, पळस आणि स्थानिक गवते लावावीत. पाण्याच्या बाबतीत तर शेजारच्या बीदरचा आदर्श समोरच आहे. बहमनी काळात जांभ्या दगडात खोदलेले तिथले भुयारी जलमार्ग, ज्यांना करेझ म्हणतात, दीर्घकाळ गाळाने बुजले होते; अलीकडे ते उपसले गेले आणि लोकांनी ते पुन्हा पाहिले.

कायदाही आज अगदी हात बांधून उभा नाही. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की खाणकाम संपल्यावर जमिनीवर पुन्हा गवत उगवून ती चाऱ्याला व वनस्पतींना योग्य करणे ही खाणपट्ट्याचीच अट असावी. २०१५ च्या दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठाने स्थापन झाली, त्यांत स्वामित्वधनाच्या प्रमाणात पैसा जमा होतो आणि पर्यावरण हा त्याच्या खर्चाच्या अग्रक्रमांपैकी एक आहे. अडचण निराळीच आहे. सिमेंटचा चुनखडक प्रमुख खनिजांत मोडतो आणि त्याच्या खाणी बंद करण्याच्या आराखड्यावर केंद्राची देखरेख असते. फरशीचा दगड गौण खनिज म्हणून राज्याच्या नियमांखाली येतो. एकाच जातीच्या खडकाला असे दोन धनी! मोठ्या कंपनीला निदान प्रश्न तरी विचारता येतो. लहान लहान खाणींतून साठलेल्या, मालक विखुरलेल्या ढिगाऱ्याला प्रश्न कोणी विचारावयाचा? म्हणूनच जिल्ह्याच्या निधीचा पहिला हक्क अशा बेवारशी ढिगाऱ्यांचा असला पाहिजे.

कोणी म्हणेल, ढिगाऱ्यातील दगडाची खडी करून रस्त्याला वापरावी, बागेचे कौतुक कशाला? आक्षेप रास्त आहे. जेवढे वापरता येईल, तेवढे आधी वापरावेच. परंतु जे उरेल त्यावर उद्घाटनाची कोनशिला बसवून हात झटकण्याचा मार्ग मोकळा होता कामा नये. बाग पहिल्या वर्षी फुलते ती पैशाने आणि विसाव्या वर्षी टिकते ती मालकीने. तेव्हा अशा उद्यानाची जमीन, तेथील गवत-फळांचे उत्पन्न आणि देखभालीचा राखीव निधी ही तिन्ही ग्रामपंचायतीच्या हाती असावीत, आणि माळ्याचे व रखवालदाराचे काम प्रथम त्या खाणींतून ज्यांनी दगड काढला, त्यांच्या घरी जावे. एवढे झाले नाही, तर तारेच्या कुंपणाआड एक शोभेची बाग उभी राहील आणि तिच्या बाहेर धूळ तशीच उडत राहील.

गाणगापूरच्या भस्माच्या डोंगरापुढे लोक नम्र होतात, कारण ती माती ते आपली मानतात. शहाबादच्या कपच्यांची टेकडीही आपलीच आहे. तिच्यातून निवडलेला चांगला भाग आपल्या घरात अंथरलेला आहे आणि टाकाऊ भाग तिथल्या गावांच्या दारात पडला आहे. या वाटणीतील अन्याय दूर करणे हे कर्नाटक सरकारचे कर्तव्य तर आहेच. परंतु ज्यांच्या अंगणात असेच ढिगारे उभे आहेत, त्या गोमंतकीयांनीही तीच मागणी आपल्या राज्यकर्त्यांकडे त्याच शब्दांत केली पाहिजे.