टूलबार नेमका कुणाचा?

मंडळी, आजचा विषय जरा तांत्रिक आहे, पण लगेच पळू नका. तुमच्या रोजच्या वापरातल्या एका चिंचोळ्या पट्टीबद्दल बोलायचंय. ब्राउझर उघडला की वर पत्ता लिहायची जागा असते आणि तिच्या शेजारी बारकी बारकी बटणं. एक जाहिराती अडवणारं, एक पासवर्ड लक्षात ठेवणारं, एक मराठी टाइप करून देणारं. ही बटणं एक्स्टेन्शन्सची, म्हणजे ब्राउझरला बाहेरून जोडलेल्या छोट्या अवजारांची. आता यातलं कुठलं बटण समोर दिसावं आणि कुठलं आत जावं, हे कुणी ठरवायचं? माझं उत्तर: जो वापरतो त्यानं. एवढं साधं उत्तर, पण पंचवीस वर्षं झाली तरी धंदेवाल्यांच्या गळी काही पूर्ण उतरत नाही.

मी राहतो ते बॉथेल आणि मायक्रोसॉफ्टचं रेडमंड यांत गाडीनं वीसेक मिनिटांचं अंतर. तिथेच घडलेला इंटरनेट एक्सप्लोरर २००० च्या दशकात सायबर कॅफेत ज्यांनी वापरला, त्यांना एकाखाली एक लागलेल्या पट्ट्या आठवत असतील. याहूची एक, गूगलची एक, आस्कची एक, आणि उरलेल्या जागेत प्रत्यक्ष वेबपान! चौकातल्या फ्लेक्ससारखंच. आपण कुणाला लाव म्हटलेलं नसतं, पण शुभेच्छुकांची रांग लागलेली. विंडोजवर जावा बसवायला जावं तर 'आस्क टूलबारही हवा' अशी खूण आधीच करून ठेवलेली असायची. न वाचता पुढे गेलात की पाहुणा घरात. अखेर २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टनंच त्या टूलबारच्या जुन्या आवृत्त्यांना नको असलेलं सॉफ्टवेअर ठरवलं. हा झाला पहिला प्रकार: अवजार बनवणारा ठरवणार, तुम्ही बघणार.

मग ब्राउझर बनवणारे म्हणाले, आता आम्ही ठरवतो. क्रोममध्ये २०१० साली एक्स्टेन्शन्स आली, तेव्हा काहींची बटणं कायम दिसत, काहींची फक्त गरजेच्या पानावर, तर काहींना बटणच नसे. मार्च २०१६ मध्ये आवृत्ती ४९ आली आणि फर्मान निघालं की प्रत्येक एक्स्टेन्शनला बटण हवंच, म्हणजे काय काय बसवलंय ते लोकांना कळेल. कारण चांगलं होतं, मान्य. पण २०२० मध्ये त्याच क्रोमनं नवी एक्स्टेन्शन्स एका कोड्याच्या तुकड्यासारख्या बटणामागे ठेवायला सुरुवात केली. तुम्ही स्वतः पिन लावली तरच बाहेर. चार वर्षांपूर्वी जे दिसणं गरजेचं होतं, ते आता झाकणं गरजेचं!

फायरफॉक्सची तऱ्हा वेगळी. २००४ च्या पहिल्या आवृत्तीपासून बटणं माउसनं ओढून हवी तिथे ठेवता येत, आणि म्हणूनच आमच्यासारखे लोक त्याच्यावर जीव टाकत. २०११ मध्ये त्यांनी एक्स्टेन्शन्ससाठी तळाला वेगळी पट्टी दिली, २०१४ मध्ये ती काढून घेतली. जानेवारी २०२३ मध्ये त्यांनीही तो कोड्याचा तुकडा आणला, आणि गंमत म्हणजे तो तुकडाच टूलबारवरून हटवता येईना. ती मुभा मिळायला २०२५ उजाडलं. सगळ्यात मोकळ्या म्हणवणाऱ्या घरातही एक खुर्ची मालकाच्या इच्छेविरुद्ध अडीच वर्षं दिवाणखान्यात!

इथे अमेरिकेत याची एक चांगली उपमा मिळते. आपल्याकडे सोसायटीची कमिटी, तशी इथे होमओनर्स असोसिएशन. घराला कुठला रंग द्यावा, अंगणात काय ठेवावं, सगळ्याचे नियम. पूर्वी त्यात छपरावरच्या डिशवरही बंदी असे, कारण शोभा जाते. १९९६ मध्ये इथल्या केंद्रीय दूरसंचार आयोगानं नियम केला: स्वतःच्या मालकीच्या जागेत एक मीटरपर्यंतची डिश लावायला असोसिएशन मना करू शकत नाही. म्हणजे डिशवाल्या कंपनीनं तुमच्या छपरावर आपणहून डिश ठोकायची नाही, आणि शोभेच्या नावाखाली कमिटीनं ती उतरवायचीही नाही. हवी का नको, ते घरवाला ठरवेल. टूलबारसाठी मला याहून जास्त काही नको आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो पसाऱ्याचा. सगळ्यांना बाहेर येऊ दिलं तर पुन्हा सायबर कॅफेचे दिवस येतील. खरं आहे, म्हणूनच एक्स्टेन्शनला स्वतःची पिन स्वतः लावता येऊ नये, या बाजूनं मी आहे. २००९ च्या विंडोज ७ मध्ये घड्याळाशेजारच्या चिन्हांचं असंच केलं होतं. नवं चिन्ह आत जाईल, वापरणारा हवं तर बाहेर ओढेल, प्रोग्रामला तो अधिकार नाही. क्रोममध्येही एक्स्टेन्शनला 'मी टूलबारवर आहे का?' एवढं विचारता येतं, स्वतःला तिथे बसवता येत नाही. छान. पण दारात गर्दी नको म्हणून घरातल्या माणसांनाही मागच्या खोलीत कोंडायचं नसतं.

दुसरा आक्षेप मला जास्त खटकतो: सामान्य माणूस सेटिंगला हातच लावत नाही, मग त्याला अधिकार देऊन उपयोग काय? माझे बाबा सत्तरी ओलांडलेले, सांगलीला असतात. ब्राउझरच्या वरच्या एका बटणावर टिचकी मारून ते मराठीत लिहायचे. एका अपडेटनंतर ते बटण आत गेलं. इथे रात्र, तिथे सकाळ, आणि फोनवर बाबा म्हणतात, "अरे, माझं मराठी गेलं!" मराठी कुठेही गेलं नव्हतं, दोन टिचक्या आत होतं. पण जे दिसत नाही ते नाही, असंच कोणीही धरणार. पुढचे आठ दिवस त्यांनी नातेवाइकांना रोमन लिपीत पत्रं लिहिली. जो माणूस सेटिंगला हात लावत नाही, त्याच्यासाठी तर आयतं मिळालेलं सेटिंग हेच सर्वस्व. म्हणून त्याचं बटण त्याला न विचारता हलवणं जास्त चूक आहे, कमी नाही.

आणि बटण म्हणजे फक्त सोय नव्हे, घरात कोण आहे याची खूणही. द ग्रेट सस्पेंडर नावाचं एक्स्टेन्शन वीस लाखांहून जास्त लोक वापरत. न वापरलेले टॅब झोपवून ते संगणकाचा भार हलका करायचं. २०२० मध्ये मूळ लेखकानं ते दुसऱ्याला विकलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये घातक कोड असल्याचं सांगून गूगलनं ते बंद केलं. बटण दिसत असतं तर मालक बदलल्याचं कळलं असतं, असा माझा दावा नाही. पण रोज नजरेस पडणाऱ्या पाहुण्याबद्दल कधीतरी 'हा अजून इथे कसा?' असा प्रश्न पडतो. माळ्यावर राहणाऱ्याबद्दल पडत नाही, आणि बटण झाकलं म्हणून एक्स्टेन्शनचं काम काही थांबत नाही.

माझं मागणं तीन वाक्यांत मावतं. एक्स्टेन्शन बसवतानाच ब्राउझरनं विचारावं, 'बटण बाहेर ठेवू का आत?' एकदा उत्तर दिलं की कुठल्याही अपडेटनं ते बदलू नये. आणि बसवलेल्या सगळ्यांची यादी सहज सापडेल अशा जागी कायम असावी.

तोवर एक काम करा. क्रोममध्ये तो कोड्याचा तुकडा दाबा आणि हव्या त्या नावापुढची पिन लावा. फायरफॉक्समध्ये त्याच यादीतल्या नावावर उजवी टिचकी मारलीत की टूलबारवर पिन करायचा पर्याय मिळेल. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या संगणकावरही हे करून द्या, पण आधी त्यांना विचारा हं, कुठलं बटण हवंय ते! नाहीतर आपण तरी वेगळे कुठे?