गुंतवणूकदारांचे संरक्षण: कराराचे शब्द आणि न्यायाचा वेग

देशात परदेशी गुंतवणूक वाढावी यासाठी २०१५ च्या आदर्श द्विपक्षीय गुंतवणूक कराराचा मसुदा गुंतवणूकदारांना अधिक अनुकूल करण्यात येईल, अशी घोषणा २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात करण्यात आली. हा मसुदा मुळात इतका कठोर का झाला, याचे उत्तर बऱ्याच अंशी एका कोळसा खाणीच्या वादात सापडते.

सध्याच्या झारखंडमधील पिपरवार खाणीसाठी कोल इंडिया आणि ऑस्ट्रेलियाची व्हाइट इंडस्ट्रीज यांच्यात १९८९ मध्ये करार झाला. पुढे उद्भवलेल्या वादात २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने कंपनीला सुमारे ४१ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर देण्याचा निवाडा दिला. मात्र, भारतीय न्यायालयांत हे प्रकरण नऊ वर्षे रखडले. अखेर कंपनीने भारत सरकारविरुद्धच दाद मागितली. 'न्याय्य व समन्यायी वागणुकी'चा भंग झाल्याचा तिचा दावा २०११ मध्ये दुसऱ्या लवादाने फेटाळला. परंतु दावे बजावण्यासाठी 'परिणामकारक साधने' पुरवण्याची जी हमी भारताने कुवेतला दिली होती, ती 'सर्वाधिक पसंतीचे राष्ट्र' या कलमाच्या आधारे ऑस्ट्रेलियन कंपनीलाही लागू झाली आणि भारत हरला.

या अनुभवानंतर २०१५ च्या मसुद्यातून ही दोन्ही व्यापक कलमे वगळण्यात आली. न्याय नाकारणे, उघड भेदभाव अशा मोजक्या बाबीच संरक्षणास पात्र ठरल्या. लवादाकडे जाण्यापूर्वी किमान पाच वर्षे स्थानिक न्यायालयांत दाद मागण्याची अटही घालण्यात आली. बहुतेक जुने करार भारताने संपुष्टात आणले. तरीही पूर्वलक्षी कराच्या वादात २०२० मध्ये व्होडाफोन आणि केर्न या दोन्ही कंपन्यांच्या बाजूने निवाडे लागले, ते जुन्या करारांच्याच आधारे. त्यानंतर २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून ही करमागणी मागे घेण्यात आली.

संयुक्त अरब अमिरातीबरोबर २०२४ मध्ये झालेल्या करारात पाच वर्षांची अट तीन वर्षांवर आणण्यात आली आहे. हे करार परस्परांवर बंधनकारक असतात. त्यामुळे परदेशात भांडवल गुंतवणाऱ्या भारतीय कंपन्यांनाही तेवढेच संरक्षण मिळते, जेवढे भारत इतरांना देतो. तथापि, कलमे सैल करावीत की आवळावीत, या चर्चेत पिपरवारचा मूळ धडा विसरता येणार नाही. तेथे भारताविरुद्ध निकाल लागला तो न्यायदानातील विलंबामुळे. आणि हा विलंब दूर करणे कोणत्याही मसुद्याच्या हाती नाही.