विकलज : आंकडा कीं फल?

गेल्या वर्षीं अकरावीच्या वर्गांत एका हुशार विद्यार्थ्यास मीं फळ्यापाशीं बोलाविलें, आणि ‘क्षचा वर्ग’ हें फल लिहून प्रश्न केला, “क्ष बरोबर ३ असतां ह्या वक्ररेषेचा उतार किती?” क्षणाचाही विलंब न लावतां तो म्हणाला, “सर, तिनाचा वर्ग नऊ. नऊ ही स्थिर संख्या. स्थिर संख्येचें विकलज शून्य. म्हणून उतार शून्य.” वाचकांनीं पाहावें कीं, त्याचें पहिलें, दुसरें व तिसरें, हीं तीनही वाक्यें बिनचूक आहेत, चुकला तो केवळ ‘म्हणून’. वर्ग हंसला नाहीं, ह्याचें मला अधिक वाईट वाटलें, कारण निम्मीं मुलें माना डोलवीत होतीं. ह्याच मुलास ‘क्षवर्गाचें विकलन कर’ असें सांगितलें असतें, तर झोपेंतही त्यानें ‘दोन क्ष’ असें उत्तर दिलें असतें.

माझ्या मतें दोष त्या मुलाचा नाहीं, आम्हां शिक्षकांचा आहे. आम्ही सूत्र आधीं हातीं देतों आणि अर्थ मागाहून सांगूं म्हणतों. तो ‘मागाहून’ परीक्षेपूर्वीं क्वचितच उगवतो. मी स्वतः ह्याच सूत्राच्या बळावर पदवीधर झालों. त्याचा अर्थ मला कळला तो दुसऱ्यांस शिकविण्याची पाळी आली तेव्हां.

अडचण अशी कीं, एकाच नांवाखालीं दोन वस्तु वावरतात. तिनापाशीं असलेला उतार हा एक आंकडा, म्हणजे ६. परंतु ‘दोन क्ष’ हा आंकडा नव्हे. वाटेल तें ठिकाण सांगा, तेथील उतार काढून देणारा तो एक नियम आहे, म्हणजेच तें एक नवें फल आहे. ३ ही किंमत घालावयाची ती नव्या फलांत, जुन्या फलांत नव्हे.

हें व्याख्यानानें समजत नाहीं. हातानें करावें लागतें. उंच कड्यावरून दगड सोडला असतां, गुरुत्वाकर्षणाचा आंकडा सोयीसाठीं १० धरल्यास, तो १ सेकंदांत ५ मीटर, २ सेकंदांत २० व ३ सेकंदांत ४५ मीटर पडतो. दोन सेकंद पुरे झाले त्या क्षणीं वेग किती? पुढील पूर्ण सेकंदाची सरासरी २५ येते. दहाव्या हिश्शाची २०.५, शंभराव्या हिश्शाची २०.०५. मुलें आपण होऊन ‘वीस’ म्हणतात. बहुतेक पुस्तकें येथेंच थांबतात, आणि खरा धडा येथून पुढें आहे. तोच खटाटोप पहिल्या सेकंदापाशीं करवावा, १० येतात. तिसऱ्यापाशीं करवावा, ३० येतात. मग १, २, ३ ह्यांच्यासमोर १०, २०, ३० असें मांडून नुसतें स्वस्थ राहावें. कोणीतरी म्हणतोच, “सर, हेंही एक कोष्टकच झालें कीं!” त्या एका वाक्यासाठीं मी दोन तास खर्चावयास तयार असतों.

बीजगणितांतही हाच घोटाळा लपलेला असतो. क्षमध्यें ह इतकी वाढ केली असतां सरासरी उतार ‘दोन क्ष अधिक ह’ येतो. ह शून्याकडे जातो, क्ष मात्र जागचा हालत नाहीं. दोन अक्षरांचीं हीं दोन निरनिराळीं कामें आम्ही कितीदां उघड करून सांगतों? ह आधीं शून्य नाहीं म्हणून त्यानें भागावयाचें, व मग तो शून्य म्हणून टाकावयाचा, ह्या युक्तीवर बिशप बर्क्ली यांनीं १७३४ सालीं कडक आक्षेप घेतला होता. तोच आक्षेप घेणाऱ्या मुलास गप्प बसविणें योग्य नव्हे. सीमेच्या कल्पनेनें कोशी यांनीं तो प्रश्न मार्गी लावावयास १८२० नंतरचीं वर्षें उजाडावीं लागलीं. लायब्निझ यांचा कलनावरील पहिला लेख १६८४ चा. ‘साधित फल’ अशा अर्थाचें नांव व अक्षराच्या डोक्यावरील ती लहानशी रेघ लाग्रांज यांच्या १७९७ च्या ग्रंथांतली. मध्यें ११३ वर्षें गेलीं, आणि आम्ही तें एका तासांत उरकूं पाहतों!

भास्कराचार्यांनीं ११५० सालच्या ‘सिद्धान्तशिरोमणीं’त ग्रहांच्या तात्कालिक गतीचा विचार करितांना ज्येची वाढ कोटिज्येच्या प्रमाणांत धरली आहे. वाढीचा दर हा एक ठराविक आंकडा नसून कोनाबरोबर तोही बदलतो, हें त्यांत आलेंच. चाळीसगांवाजवळील पाटणच्या शिलालेखांत त्यांच्या कुळाचा वृत्तान्त आहे. त्या बाजूच्या मुलांनीं तो अवश्य पाहावा.

कोणी म्हणतील, अभ्यासक्रम लांब व तास थोडे. ह्या रीतीनें सूत्रें आठवडाभर उशिरां सुरू होतात, हें मला मान्य आहे. सूत्रें पाठ असावींत, ह्याबद्दलही वाद नाहीं. परंतु तो आठवडा पुढें वसूल होतो, कारण नऊचें विकलज काढीत बसणारीं मुलें मग उरत नाहींत.

यंदा मीं आलेखावर फूटपट्टी टेकवून ती क्षवर्गाच्या रेषेवरून सरकविण्यास सांगितलें. उणे दोनापाशीं उतार उणे ४, शून्यापाशीं ०, एकापाशीं २, दोनापाशीं ४, असे बिंदु निराळ्या कागदावर मांडले, तों वांकड्या रेषेतून सरळ रेषा निघालेली पाहून वर्ग चकित झाला. इतक्यांत मागच्या बांकावरील एका मुलीनें विचारलें, “सर, आतां हीच पट्टी ह्या नव्या रेषेवरून फिरवली तर?” मीं कांहीं न बोलतां तिच्यापुढें तिसरा कागद सरकविला.