इफ्तारची फळे आणि छोटी बरणी

रमजानमध्ये दस्तरखान फळांनी भरतो. उमापुरात शेजारपाजारची ताटेही येतात. पण खजूर आणि पाण्यावरच निम्मी भूक भागते. चिरलेली फळे उरतात आणि सकाळी उकिरड्यावर जातात. ही उधळपट्टी, ‘इस्राफ’, कुराणाला नापसंत आहे. अन्नाला पूर्णब्रह्म मानणाऱ्या शेजाऱ्यालाही ती रुचणार नाही.

उपाय सोपा आहे. वाटीभर सफरचंदाच्या फोडी, अर्धी वाटी साखर, एका लिंबाचा रस. मोठ्या काचेच्या भांड्यात, मधूनमधून ढवळत मायक्रोवेव्हमध्ये शिजवले की मुरंबा तयार. उकळत्या पाण्यातून काढलेल्या बरणीत भरावा, फ्रीजमध्ये ठेवावा आणि आठवडाभरात संपवावा.

मात्र झाकण लावलेली बरणीच मायक्रोवेव्हमध्ये तापवून वर्षाची बेगमी करू नये. तिथे उष्णता सगळीकडे सारखी पोचत नाही. बंद बरणी फुटू शकते, धातूच्या झाकणातून ठिणग्या उडतात. आंबट नसलेल्या भाज्यांत तर बोटुलिझमचे जीवघेणे विष तयार होऊ शकते, आणि ते वासाने ओळखू येईलच असे नाही. आजीच्या लोणच्याची राखण मीठ, तेल आणि आंबटपणा करतात.

वर्षाची बरणी कैरीसाठी राहू द्यावी. रमजानची बरणी लहानच बरी; तिच्यातली एक वाटी शेजारी गेली, तर बरकतच.