हार नको, पर्चेस ऑर्डर द्या

आपल्याकडे नवीन काही बनवणाऱ्याला सरकार मदत करत नाही, अशी एक कायमची ओरड असते. साफ खोटं! योजनांची यादी वाचता वाचता दम लागेल इतकी मदत आहे. प्रोटोटाइप बनवायचाय? निधी-प्रयासमधून १० लाखांपर्यंत. स्टार्टअप इंडिया सीड फंड (२०२१, एकूण ९४५ कोटी) मधून कल्पना चालते का ते बघायला २० लाखांपर्यंत अनुदान. पेटंटच्या फीमध्ये स्टार्टअपला ८० टक्के सूट. आणि २०२५ मध्ये तर संशोधन-विकासासाठी एक लाख कोटींची योजना मंजूर झाली. एक लाख कोटी म्हणजे एकावर किती शून्यं हे बोटांवर मोजता येत नाही. (बारा. मोजली मी.)

म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर डेव्हलपमेंटचं बजेट उदंड आहे. प्रोडक्शनमध्ये टाकायची वेळ आली की मात्र सगळे मीटिंग सोडून निघून जातात.

सरकारला पैसे देण्याखालोखाल काय आवडत असेल तर सत्कार. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे आठवतात? शाळा जेमतेम शिकलेला माणूस, शेतातल्या वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या निवडून निवडून त्यांनी एचएमटी हे भाताचं वाण तयार केलं. नाव घड्याळावरून. तो तांदूळ कुठल्या कुठे पोचला, तुम्ही-आम्ही तो खाल्लाय. दादाजींना राष्ट्रपतींच्या हस्ते पुरस्कार मिळाला, २०१० मध्ये फोर्ब्सने दखल घेतली, आणि जून २०१८ मध्ये ते गेले तेव्हा उपचारांच्या पैशांची ओढाताण चालली होती. महाबीजसारखं स्वतःचं बियाणे महामंडळ असलेल्या राज्याला पोत्यामागे चार आणे रॉयल्टीचा करार करता आला नसता का? पण करार केला की फाईल वाढते. शाल-श्रीफळाला फाईल लागत नाही.

आता आपल्याच क्षेत्रातलं उदाहरण घ्या. सिंप्युटर. बंगळुरूच्या आयआयएससीतले प्राध्यापक आणि एन्कोर सॉफ्टवेअरच्या इंजिनियरांनी मिळून केलेला हातात मावणारा कॉम्प्युटर. लिनक्स, टचस्क्रीन, स्मार्टकार्ड टाकायची सोय, आणि भारतीय भाषेत मजकूर वाचून दाखवायची सोय. आयफोन यायच्या काही वर्षं आधी! २००४ मध्ये 'अमिडा' या नावाने तो बाजारात आला, भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवला. किंमत दहा हजारांच्या आसपास सुरू होत होती. ५०,००० विकायचं उद्दिष्ट होतं, विकले गेले जेमतेम ४,०००.

सिंप्युटर महाग होता, स्क्रीन साधा होता, हे सगळं मान्य. पण तो कोणासाठी बनवला होता? तलाठी, ग्रामसेवक, आरोग्यसेविका, बचतगट. दहा हजारांची वस्तू शेतमजूर घेणार नाही हे कळायला एमबीए लागत नाही. त्याचं खरं गिऱ्हाईक सरकारच होतं. कर्नाटकात जमिनीच्या नोंदींसाठी थोडा वापर झाला, पण घाऊक ऑर्डर आली नाही. ऑर्डर नाही म्हणून उत्पादन कमी, उत्पादन कमी म्हणून किंमत जास्त, किंमत जास्त म्हणून ऑर्डर नाही. इन्फिनिट लूप.

ही ऑर्डर का येत नाही? टेंडर वाचा. अमुक इतकी उलाढाल, तीन वर्षांचा अनुभव, असंच काम आधी केल्याचा दाखला. अहो, जगात पहिल्यांदा होणाऱ्या कामाचा दाखला आणायचा कुठून? २०१७ च्या केंद्रीय वित्तीय नियमांत स्टार्टअपसाठी अनुभव आणि उलाढालीची अट शिथिल करायची तरतूद आहे हे खरं. पण शिथिल 'करता येईल', करायलाच हवी असं नाही. आणि खुर्चीत बसलेला अधिकारी ती का करेल? नवीन वस्तू घेतली आणि फसली, तर ऑडिटवाले येतात, दक्षता विभाग येतो, निवृत्तीनंतरही चौकशी पाठ सोडत नाही. नवीन वस्तू घेतलीच नाही म्हणून आजवर कोणाची चौकशी झालीय? मला त्या अधिकाऱ्याचा राग येत नाही. त्याच्या जागी मीही जुन्याच कंपनीकडून जुनीच वस्तू घेतली असती.

इथे कोणीतरी 'आकाश' टॅबलेट काढणारच. २०११ मध्ये सरकार गिऱ्हाईक झालं होतं की, काय झालं? बरोबर, बोऱ्या वाजला. पण तिथे सरकारने किंमत आधी ठरवली आणि मग सगळ्यात कमी बोलीवाल्याकडून एक लाख टॅबलेट मागवले. ही घासाघीस झाली. नव्या शोधाला पहिलं गिऱ्हाईक मिळणं वेगळं.

अमेरिकेने १९८२ मध्येच कायदा करून मोठ्या सरकारी खात्यांना संशोधनाच्या बजेटचा ठरावीक हिस्सा छोट्या कंपन्यांसाठी बाजूला काढायला लावला. क्वालकॉमने सुरुवातीच्या दिवसांत त्यातून पैसे घेतले होते. त्यातली खरी मेख तिसऱ्या टप्प्यात: आधीचे टप्पे पार केलेली वस्तू सरकारी खात्याला पुन्हा स्पर्धा न लावता थेट विकत घेता येते. आणि आपल्याला हे जमत नाही असंही नाही. संरक्षण मंत्रालयाने २०१८ मध्ये आयडेक्स सुरू केलं: लष्कराने अडचण सांगायची, स्टार्टअपने उत्तर शोधायचं, त्यासाठी दीड कोटीपर्यंत अनुदान. २०२० च्या खरेदी नियमावलीत तर जमलेली वस्तू विकत घ्यायची वाटही करून दिली. मग पाणीपुरवठा, आरोग्य, एसटी, महापालिका यांनी काय घोडं मारलंय?

केंद्राच्या खात्यांना आणि कंपन्यांना २५ टक्के खरेदी सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून करावी लागते. चांगलं आहे, पण त्यात टेबल-खुर्च्याही चालतात. त्यातला एक टक्का, फक्त एक, 'आधी कुठेच विकली न गेलेली वस्तू' म्हणून राखून ठेवा. त्या खरेदीत दहातल्या काही वस्तू फसणार हे नियमातच लिहा आणि खाली सही करणाऱ्याला संरक्षण द्या. आणि बिल वेळेत द्या. ४५ दिवसांचा कायदा २००६ पासून आहे.

आपल्या राज्याने २०१८ मध्ये स्टार्टअप सप्ताह सुरू केला. निवडलेल्या कंपन्यांना १५ लाखांपर्यंतची थेट वर्क ऑर्डर, सरकारी खात्यात वापरून बघायला. मनापासून टाळ्या. पण ते १५ लाखांचं काम चोख झालं, खात्यालाही आवडलं, तर पुढची मोठी खरेदी कशी व्हायची? परत टेंडर? आणि त्यातला 'मागील तीन वर्षांची उलाढाल' हा रकाना त्या पोरांनी कशाने भरायचा?